स्प्लिंटर सेल: एक्सबॉक्स, पीएस२, गेमक्यूब, पीसी... नाव एकच, पण गेम एकच आहे का?

काळोखातला_सॅम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

जुन्या गेम्सच्या गप्पांत स्प्लिंटर सेलचा (अंधारात लपूनछपून काम करणाऱ्या हेराचा गेम) विषय निघाला की दरवेळी तेच होतं. एक जण म्हणतो पहिल्या पार्टमधली ती अणुऊर्जा केंद्राची लेव्हल काय जबरी होती, दुसरा म्हणतो अशी लेव्हल नव्हतीच, मग तिसरा येतो आणि म्हणतो मी तर पाणबुडीत शिरलो होतो. आणि तिघंही खरं बोलत असतात, कारण तिघांनी वेगवेगळ्या मशीनवर खेळलेलं असतं. म्हणून वेगळा धागा काढतोय, ज्याने जी आवृत्ती खेळली त्याने त्याबद्दल लिहा.

आधी थोडं मागचं. पहिला स्प्लिंटर सेल युबिसॉफ्ट मॉन्ट्रियलने बनवला आणि नोव्हेंबर २००२ मध्ये तो एक्सबॉक्सवर आला, फेब्रुवारी २००३ मध्ये पीसीवर, आणि एप्रिल २००३ मध्ये पीएस२ (प्लेस्टेशन २) आणि निन्टेंडोच्या गेमक्यूबवर. पीएस२ चं काम युबिसॉफ्टच्याच शांघाय स्टुडिओने केलं. आपल्याकडे पहिला एक्सबॉक्स अधिकृतपणे आलाच नाही, मायक्रोसॉफ्टने भारतात आणला तो थेट पुढचा एक्सबॉक्स ३६०, सप्टेंबर २००६ मध्ये. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांचा सॅम फिशर (गेमचा नायक, तोच हेर) एकतर पीएस२ चा नाहीतर पीसीचा, आणि जो मूळ गेम म्हणून बनला तो फार थोड्यांनी पाहिलाय.

माझं म्हणणं सरळ आहे. इतर गेममध्ये मशीन बदललं की दिसणं बदलतं. रेसिंग गेममध्ये रस्त्याकडेची झाडं कमी झाली तरी वळण तेच राहतं, ब्रेक त्याच जागी मारायचा. स्प्लिंटर सेलमध्ये तसं नाही कारण इथे उजेड हा देखाव्याचा भाग नाहीये, उजेड हाच नियम आहे. खाली तो लाइट मीटर आहे ना, त्याचा काटा डावीकडे असला की तुम्ही नाही आहात, उजवीकडे गेला की मेलात. मग ज्या मशीनवर सावली वेगळी पडते त्या मशीनवर लपायची जागा वेगळी होते, गार्डची फेरी वेगळी लावावी लागते, आणि शेवटी लेव्हलच वेगळी बांधावी लागते.

एक्सबॉक्समध्ये एनव्हिडियाची चिप होती, साधारण जीफोर्स ३ च्या घराण्यातली, आणि तिच्यात शॅडो बफर नावाची सोय हार्डवेअरमध्येच होती. सोप्या भाषेत सांगायचं तर दिव्याच्या जागी जणू कॅमेरा ठेवायचा आणि तिथून सीन एकदा बघून घ्यायचा, दिव्याला जे दिसत नाही ते सगळं सावलीत. त्यामुळे खिडकीच्या पट्ट्यांची सावली सॅमच्या अंगावरून सरकत जाते, जाळीचा दरवाजा उघडला की त्याची सावली भिंतीवर फिरते, पडदा हलतो तर सावलीही हलते. पीएस२ कडे ही सोय नव्हती, पिक्सेल शेडर नव्हते, आणि मेमरी ३२ एमबी, ग्राफिक्सची स्वतःची ४ एमबी वेगळी. एक्सबॉक्सकडे सरसकट ६४ एमबी, शिवाय आत हार्डडिस्क. इतक्या फरकात एक गेम जसाच्या तसा उचलून तिकडे ठेवता येतच नाही, तो पुन्हा रचावा लागतो. मला त्या पुन्हा रचण्याबद्दलच बोलायचंय.

सुरुवात करा.

---

एल१_आर१

धागा काढलात ते बरं केलं सॅमभाऊ. पण तुमच्या लिखाणात पीएस२ म्हणजे बिचारं, कमी ताकदीचं असा सूर लागतोय, त्याला माझा विरोध नोंदवतो.

पीएस२ आवृत्तीत कालिनाटेकच्या लेव्हलनंतर आणि चिनी वकिलातीच्या लेव्हलआधी एक अख्खी लेव्हल जास्तीची आहे, तीच ती अणुऊर्जा केंद्राची. ती एक्सबॉक्सच्या डिस्कवर नाही. सुरुवातीचा व्हिडिओ नवा, मधले सिनेमॅटिक्स (कथेचे व्हिडिओ) नवे, आणि वर दुर्बीण दिलीय जी मूळ गेममध्ये नव्हती. एक्सबॉक्सवाल्यांना नंतर लाइव्ह या ऑनलाइन सेवेवरून कोला सेल आणि वसेल्काच्या दोन मिशन डाउनलोड करायला मिळाल्या (पाणबुडीवाला तुमचा तिसरा माणूस तोच), पण त्यासाठी इंटरनेट हवं, लाइव्हचं खातं हवं. २००३ मध्ये आमच्याकडे डायलअपवर मेल उघडायला पाच मिनिटं लागायची.

आणि लेव्हल लहान झाल्या हे मान्य, पण लहान झाल्यामुळे त्या घट्ट झाल्यात. एक्सबॉक्सची आवृत्ती मी नंतर मित्राकडे पाहिली तेव्हा काही ठिकाणी नुसतंच चालत राहावं लागतं असं वाटलं. पीएस२ वर प्रत्येक खोलीत काहीतरी करायचंच आहे. सावल्या ढोबळ आहेत, हो, पण ढोबळ असल्यामुळे वाचायला सोप्या आहेत. इथे काळं, इथे उजेड, ठरव आणि निघ.

---

पाचपावली

वाचनखूण साठवली. वाचतोय.

---

काळोखातला_सॅम

@एल१_आर१, बिचारं अजिबात म्हणत नाहीये. शांघायवाल्यांनी केलेलं काम मला खूप मोलाचं वाटतं. सावल्या ढोबळ म्हणून वाचायला सोप्या, हा तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि मला वाटतं तिथेच दोन आवृत्त्यांचा स्वभाव वेगळा होतो. एक्सबॉक्सवर अंधाराला कडा आहेत, अर्धवट उजेडाच्या जागा आहेत, मीटर मध्येच कुठेतरी थांबतं आणि तुम्हाला कळत नाही की गार्ड वळला तर दिसणार की नाही. ती धाकधूक पीएस२ वर कमी आहे. त्याऐवजी तिथे वेग आहे.

---

क्यूबवाला_न्यूजर्सी

माझ्याकडे गेमक्यूब होता (इथे अमेरिकेत आल्यावर घेतलेला), त्यामुळे त्या बाजूने लिहितो, कारण ही आवृत्ती कोणीच आठवणीत ठेवत नाही.

गेमक्यूबवर तेच नवे सिनेमॅटिक्स आहेत, शिवाय एक चिकटणारा बॉम्ब दिलाय जो दुसरीकडे नव्हता. पण खरी गंमत म्हणजे गेमबॉय अ‍ॅडव्हान्स केबलने जोडता यायचा आणि त्याच्या छोट्या स्क्रीनवर वरून बघितल्यासारखा नकाशा लाइव्ह दिसायचा. गार्ड कुठे आहे ते टीव्हीवर न बघता हातात कळतं. आता विचार करा, ज्या गेमचा सगळा जीव कोपऱ्यापलीकडे काय आहे हे माहीत नसण्यात आहे, त्यात तुम्हाला नकाशा दिला तर काय होईल? गेम सोपा होतो, पण वाईट होत नाही, वेगळाच होतो. एक जण टीव्हीवर खेळायचा आणि शेजारचा गेमबॉय घेऊन सांगायचा, थांब, डावीकडून येतोय, आता जा. एकट्याचा गेम दोघांचा झाला.

तोटे पण सांगतो. छोटी डिस्क, जेमतेम दीड जीबीची. गेमक्यूबच्या कंट्रोलरच्या काड्या (अ‍ॅनालॉग स्टिक) दाबता येत नाहीत, म्हणजे एल३ आर३ नाहीच, बटणं एकूणच कमी, त्यामुळे एकेका बटणावर दोन दोन कामं. दुसऱ्या पार्टमध्ये, पँडोरा टुमॉरोमध्ये, तर मल्टिप्लेअरच काढून टाकला. त्या पार्टची ओळखच स्पाय विरुद्ध मर्सिनरी (हेर विरुद्ध भाडोत्री सैनिक) ही आहे, अ‍ॅनसी स्टुडिओने बनवलेला तो भाग, आणि आम्हाला तोच नाही.

(गेमबॉयवर जो स्वतंत्र स्प्लिंटर सेल होता तो टूडी, बाजूने बघायचा. त्याची तुलना इथे नको.)

---

मनीमाऊ_क्विकसेव्ह

पीसीवाली हजर!

पीसीचं एक कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. माउसचं व्हील. व्हीलने सॅमच्या चालण्याचा वेग ठरतो आणि एकदा ठरवला की तो तसाच राहतो. कन्सोलवर काडी हळू ढकलून धरावी लागते, अंगठा जरा जास्त गेला की पाऊल वाजलं. तिसऱ्या पार्टमध्ये, केऑस थिअरीमध्ये, तर आवाजाचं मीटर पण आलं, आजूबाजूच्या आवाजाची रेघ दाखवतात आणि तुमचा आवाज तिच्या खाली ठेवायचा. जनरेटर चालू असेल तर जरा जोरात चाललं तरी चालतं, शांत खोलीत मात्र सर्वात कमी वेग. हे व्हीलने इतकं नेमकं करता येतं की मी काही मिशन एकाही गार्डला न कळता पूर्ण केलेत, कंट्रोलरवर मला ते कधी जमलं असतं असं वाटत नाही.

पण पहिल्या पार्टचं पीसीवर आज दुखणं आहे. काळोखातला_सॅम यांनी जो शॅडो बफर सांगितला तो पीसीवर फक्त त्या काळच्या एनव्हिडिया कार्डांवरच चालायचा, जीफोर्स ३ आणि पुढची काही. बाकी कार्डांसाठी प्रोजेक्टर नावाचा दुसरा मोड होता, त्यात सावली म्हणजे नुसता एक छाप भिंतीवर टाकायचा. आजच्या कार्डांवर गेम त्या मूळ मोडमध्ये नीट चालत नाही, सावल्या चुकीच्या दिसतात किंवा दिव्यांचे झोत गायबच होतात. त्यामुळे आज कोणी नुसता विकत घेऊन इन्स्टॉल करून खेळला तर तो एका बिघडलेल्या आवृत्तीवरून मत बनवतो, ज्याचं मला खूप वाईट वाटतं. डीजी-वूडू नावाचं टूल टाकलं की शॅडो बफर परत चालू होतात. हे केल्याशिवाय प्लीज पहिला पार्ट खेळू नका!

---

जॉयस्टिक_तोडकर

मनीमाऊ +१००. मी तो प्रोजेक्टर मोडमध्येच पूर्ण केला होता आणि सगळे इतकं कौतुक का करतात ते कळत नव्हतं.

---

काळोखातला_सॅम

@मनीमाऊ, हे फार महत्त्वाचं लिहिलंत, धन्यवाद. अनेक जण म्हणतात पहिला पार्ट आता जुना वाटतो, त्यातल्या निम्म्या लोकांनी तो त्याच्या खऱ्या उजेडात पाहिलेलाच नाही.

आता केऑस थिअरीकडे येतो, मार्च २००५, चारही मशीनवर एकाच वेळी. माझ्या मते ही मालिकेतली सर्वात चांगली गेम आहे, आणि आवृत्त्यांमधली दरीही इथेच सर्वात मोठी. एक्सबॉक्स आणि पीसीवर दगडांना खरा खडबडीतपणा आहे, सॅमचा सूट पावसात ओला होऊन चमकतो, दीपगृहाच्या पहिल्याच लेव्हलमध्ये वीज कडाडली की गुहेचा ओला कातळ उजळतो. पीएस२ वर यातलं जवळजवळ सगळं साधं केलंय, ते अपेक्षितच होतं.

पण मला ज्याचं जास्त वाटतं ते लेव्हलच्या रचनेचं. या पार्टचा आत्माच असा की एका इमारतीत शिरायच्या तीन चार वाटा आहेत. पनामातली बँक घ्या. छतावरून जा, दारातून जा, लेझर बंद करा किंवा चुकवा, गार्डच्या गप्पा ऐका, कोणाला हात न लावता तिजोरीपर्यंत पोचा. मोठ्या मेमरीवर ही इमारत एक सलग जागा आहे, तुम्ही मागे जाऊ शकता, एखादा दिवा विझवून ठेवलेला असेल तर तो विझलेलाच सापडतो. पीएस२ आणि गेमक्यूबवर त्याच जागा जास्त तुकड्यांत कापल्यात, मध्ये लोडिंग, खोल्या लहान, काही वाटा बंद. एक्सबॉक्सवर पण लोडिंग आहे, पण तुकडा मोठा आहे. आणि तुकडा बदलला की मागे सावध झालेला गार्ड तुमच्या मागे येत नाही, म्हणजे चुकीची शिक्षा दारापर्यंतच. हा फरक ग्राफिक्सचा नाही, हा खेळण्याचा फरक आहे.

संगीत मात्र चारही ठिकाणी आमोन टोबिनचं, आणि सॅमला मायकल आयरनसाइडचा आवाज. तेवढ्यासाठी कुठलीही आवृत्ती खेळली तरी पैसे वसूल.

---

एल१_आर१

केऑस थिअरीबाबत तुमच्याशी सहमत, तिथे पीएस२ ला झेपलं नाही. पण एक गोष्ट नोंदवा, पीएस२ वर ऑनलाइन व्हर्सेस (एकमेकांविरुद्ध) होता आणि को-ऑप (दोघांनी मिळून) स्प्लिट स्क्रीनवर होता. एका सोफ्यावर बसून दोघांनी खेळायचा स्टेल्थ (लपूनछपून खेळायचा) गेम, एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर चढून भिंतीवर जायचं, हे मला आजही कुठल्या नव्या गेममध्ये तितकं छान सापडत नाही. स्टेल्थमध्ये जोडीदार म्हणजे दुप्पट धोका, आणि त्यात बोलायची मजा.

---

विझवलेला_दिवा

सगळे चौथ्या पार्टला, डबल एजंटला, का टाळताय? आवृत्त्यांमधला फरक हा विषय असेल तर खरा विषय तोच आहे!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. २००६ मध्ये डबल एजंट आला तेव्हा नवी पिढी आणि जुनी पिढी दोन्ही बाजारात होत्या, तर युबिसॉफ्टने एकाच नावाने दोन वेगळे गेम काढले. एक्सबॉक्स ३६०, पीसी आणि नंतर पीएस३ चा गेम शांघाय स्टुडिओचा. जुना एक्सबॉक्स, पीएस२, गेमक्यूब आणि वी यांचा गेम मॉन्ट्रियलचा, म्हणजे ज्यांनी केऑस थिअरी केली होती ते. हे पोर्ट (तोच गेम दुसऱ्या मशीनवर नेलेला) नाहीत. कथेचा सांगाडा सारखा आहे, सॅमची मुलगी अपघातात जाते, तो कैदी म्हणून एल्सवर्थच्या तुरुंगात जातो, तिथून जेबीए नावाच्या दहशतवादी गटात शिरतो, पण मिशन वेगळ्या, रचना वेगळी, नियमसुद्धा वेगळे.

३६० वर लाइट मीटर काढूनच टाकलं. त्याजागी एक छोटा दिवा, हिरवा म्हणजे लपलायस, पिवळा म्हणजे दिसू शकतोस, लाल म्हणजे दिसलास. काट्याचे इतके टप्पे होते, त्याचे फक्त तीन केले. का केलं ते कळतं, कारण यात बऱ्याच लेव्हल दिवसाउजेडी आहेत, कोझुमेलचं क्रूझ जहाज, किन्शासाचे रस्ते, तिथे सावलीत बसायचा खेळच नाही, आडोशाचा खेळ आहे. जुन्या पिढीवर मात्र उजेडाचं आणि आवाजाचं दोन्ही मीटर केऑस थिअरीसारखंच.

विश्वासाचा हिशोब पण वेगळा. ३६० वर एनएसएचा (सॅमची मूळ अमेरिकी गुप्तचर संस्था) विश्वास आणि जेबीएचा विश्वास अशा दोन वेगळ्या पट्ट्या, दोन्ही एकाच वेळी सांभाळता येतात. जुन्या पिढीवर एकच पट्टी, इकडे गेली की तिकडे कमी. मला दुसरं जास्त खरं वाटतं, दोन मालकांची चाकरी करणाऱ्याला दोघंही खूश ठेवता येत नाहीत.

पण ३६० ची बाजू पण घेतो. जेबीएच्या मुख्यालयातल्या मिशन, घड्याळ चालू आहे, दिलेलं काम करायचंय आणि त्याच वेळात बंदी असलेल्या खोल्यांमध्ये डोकावायचंय. तुम्ही लपलेले नाही, सगळे तुम्हाला ओळखतात, फक्त तुम्ही चुकीच्या दारासमोर उभे असता. स्टेल्थचा हा प्रकार मी त्याआधी खेळलो नव्हतो. शिवाय ओखोत्स्कच्या समुद्रात बर्फाखालून गार्डला खाली ओढायचं, शांघायच्या हॉटेलबाहेर दोरीवर उलटं लटकायचं आणि आकाशात नव्या वर्षाचे फटाके. या जागा जुन्या मशीनला जमल्या नसत्या.

दोन्ही खेळावेत असं माझं ठाम मत आहे. आणि वाईट हे की आज पीसीवर जे डिजिटल मिळतं ते शांघायवालं. मॉन्ट्रियलचा डबल एजंट फार जणांना माहीतच नाही. केऑस थिअरीची खरी पुढची पायरी बहुतेकांपर्यंत पोचतच नाही.

---

मनीमाऊ_क्विकसेव्ह

अरे बापरे, मला हे माहीतच नव्हतं. मी पीसीवरच खेळले होते आणि तो इतका अडखळत चालायचा की मी मध्येच सोडला.

---

विझवलेला_दिवा

@मनीमाऊ, पीसी पोर्टमध्ये बग होतेच, ती तक्रार सगळ्यांची आहे. पीएस३ वर मार्च २००७ मध्ये आला, त्यात कुलूप उघडायला कंट्रोलर हलवायचा प्रकार घातला होता, पण फ्रेमरेट (चित्र किती सलग हलतं तो वेग) ३६० पेक्षा खराब. शांघायवाला खेळायचाच तर ३६० चा खेळा. निन्टेंडोच्या वीवर मॉन्ट्रियलचा आहे पण रिमोट हलवून नेम धरणं इतकं अवघड की नको वाटतं, तोच गेमक्यूबवर जास्त चांगला.

---

नवा_खेळाडू_९९

सगळं वाचलं, भारी धागा. माझा जन्मच त्या काळातला त्यामुळे यातलं काहीच खेळलो नाहीये. माझ्याकडे एक्सबॉक्स सिरीज आहे आणि एक साधा लॅपटॉप. मित्राकडे पीएस३ वर एचडी ट्रिलॉजी पडून आहे, ती घेऊन सुरुवात करू का? दादा लोकांनी सांगा.

---

काळोखातला_सॅम

@नवा_खेळाडू, स्वागत. एचडी ट्रिलॉजी २०११ ची, पहिल्या तीन पार्टची, पण ती पीसीवरून बनवलेली आहे त्यामुळे एल१_आर१ यांची अणुऊर्जा केंद्राची लेव्हल त्यात नाही, मल्टिप्लेअर आणि को-ऑप काढलेत, आणि फ्रेमरेट जागोजागी पडतो. स्टेल्थमध्ये फ्रेमरेट पडला की नेमक्या क्षणी हात चुकतो. मी तिथून सुरुवात करा असं सांगणार नाही.

तुमच्याकडे एक्सबॉक्स सिरीज आहे हे उत्तम. त्यावर जुन्या एक्सबॉक्सची केऑस थिअरी चालते, रिझोल्यूशन वाढवून, आणि सावल्या मूळच्या. म्हणजे ज्या हार्डवेअरसाठी गेम बांधला त्याच आवृत्तीचं सगळ्यात स्वच्छ रूप. तिथूनच सुरू करा. क्रम चुकला तरी कथेने फार बिघडत नाही. आवडली तर मग पहिला पार्ट, तोही एक्सबॉक्सचाच, आणि पीसीवर खेळलात तर मनीमाऊंचं टूल विसरू नका.

---

क्यूबवाला_न्यूजर्सी

नवीन पार्टचं पण एक जोडतो. २०१३ चा ब्लॅकलिस्ट हा पार्ट निन्टेंडोच्या वी यूवर आला तेव्हा गॅजेट निवडायला हातातली टचस्क्रीन मिळाली, ते सोयीचं होतं, पण एका टीव्हीवर दोघांनी खेळायचा को-ऑप मात्र त्याच आवृत्तीतून काढला. २००३ मध्ये गेमबॉय जोडून दोघांनी खेळलेल्या माणसाला हे किती लागलं असेल बघा. आणि निन्टेंडोच्या हातातल्या ३डीएसवर २०११ मध्ये केऑस थिअरीच स्प्लिंटर सेल थ्रीडी नावाने आणली होती, तिला एकच काडी, कॅमेरा बटणांवर. अंधारात मागे वळून बघायला इतका वेळ लागत असेल तर तो गेम त्या मशीनवर आणायलाच नको होता.

---

एल१_आर१

पहिल्या पार्टचा रीमेक युबिसॉफ्टचा टोरोंटो स्टुडिओ करतोय, डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केलाय, स्नोड्रॉप इंजिनवर. माझी एकच मागणी, त्यात अणुऊर्जा केंद्राची लेव्हल पाहिजे आणि कोला, वसेल्का पण. तीन मशीनवर विखुरलेला गेम पहिल्यांदा एका ठिकाणी येऊ शकतो, ही संधी त्यांनी घालवू नये.

---

काळोखातला_सॅम

अनुमोदन. आणि लाइट मीटर काट्याचंच पाहिजे, तीन रंगांचं नको.

@विझवलेला_दिवा, मॉन्ट्रियलच्या डबल एजंटची जुन्या एक्सबॉक्सची डिस्क मिळवायचा प्रयत्न करतोय. तुम्ही पीएस२ वर खेळलात की एक्सबॉक्सवर? किन्शासाची लेव्हल दोन्हीकडे सारखीच कापलीय का ते सांगा, म्हणजे कोणती घ्यायची ते ठरवतो.

---

विझवलेला_दिवा

पीएस२ वर पूर्ण केलाय, एक्सबॉक्सवर पहिल्या काही मिशन. जितकं खेळलो त्यावरून सांगतो, लेव्हल त्याच आहेत, पण एक्सबॉक्सवर उजेड जास्त नीट पडतो आणि फ्रेमरेट स्थिर आहे. डिस्क मिळत असेल तर एक्सबॉक्सचीच घ्या. किन्शासापर्यंत तिथे पोचलो की इथेच लिहितो.